विश्लेषण : परिसर बदलला की पक्षी कसा बदलतो? डॉ. सलीम अली यांच्या आयुष्याने दिलेले उत्तर...

राज्यात दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा होतो. त्याचा शेवटचा दिवस म्हणजे पक्षीतज्ज्ञ डॉ. सलीम अली यांची जयंती. वसई-विरारसारख्या झपाट्याने वाढलेल्या शहरात या निमित्ताने एक शंका मनात येते. बावखले बुजली, मिठागरे कमी झाली, वाड्यांच्या जागी इमारती आल्या. पण निसर्ग तर नेहमीच बदलत आला आहे आणि जीवही त्याच्याबरोबर बदलत आले आहेत. मग आताही पक्षी जुळवून घेतीलच की! या शंकेचे उत्तर शोधायला डॉ. सलीम अली यांचे आयुष्य फार उपयोगी पडते. परिसर आणि प्रजाती यांचे नाते त्यांनी अनेक दशके पायी फिरून पाहिले होते.

चिमणीपासून सुरुवात कशी झाली?

सलीम मोईझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी या मुलांना खेतवाडीतल्या घरी वाढवले. मामांना शिकारीचा नाद होता आणि भाच्याच्या हातीही लवकरच छर्‍याची बंदूक आली. दहा-बारा वर्षांच्या सलीमने एक दिवस पाडलेली चिमणी नेहमीसारखी दिसत नव्हती. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे घरात कुणालाच सांगता येईना. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे तेव्हाचे सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठवले. मिलार्ड यांनी पक्षी ओळखलाच, शिवाय भुसा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचे कप्पे एकामागून एक उघडून दाखवले. त्या मुलाच्या आयुष्याची दिशा तिथे ठरली.

एका पिवळ्या डागाचा अर्थ काय?

घरचिमणी आणि पिवळ्या गळ्याची रानचिमणी दिसायला जवळच्या, पण राहणी निराळी. रानचिमणी उघड्या, विरळ रानात राहते आणि झाडांच्या ढोलीत घरटे करते. घरचिमणीने माणसाचे घर, खळे आणि धान्याचे कोठार धरले. अंगणातली चिमणी आपल्याला सनातन वाटत असली, तरी शास्त्राच्या हिशेबाने ती अलीकडची आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार, माणसाजवळ राहणारी घरचिमणी आणि मध्य आशियातील तिची रानटी भावंडे सुमारे ११ हजार वर्षांपूर्वी वेगळी होऊ लागली. माणूस शेती करू लागला तो हाच सुमार. वेगळेपण दिसले ते कवटीच्या घडणीशी आणि पिष्टमय अन्न पचवण्याशी संबंधित जनुकांमध्ये. याचा अर्थ असा, की शेतीने परिसर बदलला आणि त्या परिसराने चिमणी घडवली.

ही घडण समजून घेताना एक गैरसमज आधी दूर करायला हवा. परिसर एखाद्या पक्ष्याला त्याच्या आयुष्यात बदलून टाकत नाही. एकाच थव्यातल्या पक्ष्यांत जन्मतःच थोडेफार फरक असतात. कुणाची चोच जाड, कुणाची पिसे गडद, कुणाला धान्य जास्त चांगले पचते. परिसर बदलला की यातला एखादा फरक जगण्याच्या कामी येतो. तो ज्यांच्यात आहे त्यांची पिल्ले जास्त जगतात आणि पिढ्यान्‌पिढ्या तोच गुण पसरतो. परिसर फक्त निवड करतो. निवडीसाठी आधी विविधता लागते आणि निवडीचा परिणाम दिसायला पिढ्या जाव्या लागतात.

पदवी नाही, नोकरी नाही, मग बर्लिन कसे गाठले?

तरुणपणी सलीम अली भावाला मदत करण्यासाठी ब्रह्मदेशात गेले. तिथे टंगस्टनची खाण आणि लाकडाचा व्यवसाय होता. व्यवसायापेक्षा जंगलातच त्यांचे लक्ष जास्त. परतल्यावर त्यांनी मुंबईत व्यापारी कायदा आणि हिशेबाचे शिक्षण घेतले. त्याच काळात सेंट झेवियर्स महाविद्यालयात प्राणिशास्त्राचे धडेही गिरवले. १९१८ मध्ये तेहमिना यांच्याशी त्यांचा विवाह झाला. विद्यापीठाची पदवी नसल्याने पक्षीतज्ज्ञाचे सरकारी पद हुकले. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयात, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, निसर्ग विभागाची माहिती देणारे मार्गदर्शक व्याख्याते म्हणून काम मिळाले. दोन वर्षांनी रजा घेऊन ते बर्लिनला गेले.

बर्लिनच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात एर्विन श्ट्रेझमान हे त्यांचे गुरू झाले. पक्षीशास्त्र तेव्हा कात टाकत होते. तोवर पक्षी मारायचा, मोजमाप घ्यायचे, नाव द्यायचे आणि कप्प्यात ठेवायचे, यालाच अभ्यास म्हणत. एकच पक्षी वेगवेगळ्या प्रदेशांत थोडा थोडा वेगळा का दिसतो, हा प्रश्न श्ट्रेझमान यांच्याभोवतीची मंडळी विचारत होती. पुढे उत्क्रांतिशास्त्रातले मोठे नाव ठरलेले अर्न्स्ट मायर हे श्ट्रेझमान यांचेच शिष्य. प्रजाती म्हणजे साच्यातून काढलेली मूर्ती नसून प्रदेशाप्रमाणे बदलत जाणारा जिवंत समूह आहे, ही दृष्टी सलीम अलींना इथे मिळाली.

किहीमच्या सुगरणीने काय दाखवले?

१९३० मध्ये ते परतले तेव्हा पैशाअभावी त्यांचे पदच रद्द झाले होते. नोकरी नाही म्हणून पती-पत्नी अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले. घराजवळच सुगरणींची वसाहत होती. त्या पावसाळ्यात सलीम अली रोज तासन्‌तास त्यांच्याकडे बघत बसले आणि निरीक्षणे १९३१ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात छापली. बेकारीतल्या या कामानेच त्यांचे नाव पक्षीशास्त्रात झाले.

बहिणाबाईंमुळे मराठी माणसाच्या मनात खोपा विणणारी ती सुगरण पक्की बसली आहे. प्रत्यक्षात विणकर असतो तो नर. तो अर्धा खोपा विणून थांबतो. मादी येते, खोपा तपासते आणि पसंत पडला तरच ताबा घेते. मग नर तो पूर्ण करतो आणि लगेच दुसरा खोपा विणायला घेतो. दुसऱ्या मादीसाठी. एका हंगामात नराचे असे एकापाठोपाठ एक संसार होतात, हे सलीम अलींनी बारकाईने नोंदवले.

सुगरणीचा सगळा कारभार पावसाशी बांधलेला असतो. विणायला लांब ओले गवत आणि भाताची पाती लागतात. पिल्लांना किडे लागतात. खोपे बहुधा पाण्यावर झुकलेल्या फांदीला, ताडाच्या किंवा शिंदीच्या झावळीला, काटेरी बाभळीला टांगलेले असतात आणि पुष्कळदा नैर्ऋत्येच्या वाऱ्याला आडोसा मिळेल अशा पूर्वेच्या अंगाला. वसईच्या जुन्या वाड्यांत विहिरीवर किंवा बावखलावर लोंबणारे खोपे पाहिलेल्या वाचकाला हे वेगळे सांगायला नको. कच्चा खोपा वाऱ्याने पडतो, सोपा खोपा सापाला सापडतो. मादीची पसंती आणि पावसाळ्याची परीक्षा अशी दुहेरी निवड असंख्य पिढ्या होत आली, तेव्हा कुठे ही कारागिरी घडली.

एकच सातभाई प्रांताप्रांतांत वेगळा का?

पुढली दोन दशके सलीम अली संस्थानांमागून संस्थाने पालथी घालत होते. हैदराबाद, त्रावणकोर-कोचीन, मध्य भारत, कच्छ, म्हैसूर. संस्थानिक खर्च देत आणि ते बैलगाडीने, पायी, तंबूत राहून पक्ष्यांची पाहणी करत. तेहमिना बहुतेक ठिकाणी सोबत असत. १९३९ मध्ये एका शस्त्रक्रियेनंतर त्यांचे अचानक निधन झाले. या आघातानंतर सलीम अली बहीण आणि मेहुण्यांकडे राहू लागले आणि त्यांनी स्वतःला कामात बुडवून घेतले. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे सचित्र पुस्तक आले आणि सामान्य माणसाला पक्षी ओळखण्याचे साधन मिळाले.

त्याआधीच, १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात, त्यांनी हुमायून अब्दुलअली यांच्यासोबत मुंबई आणि साष्टीच्या पक्ष्यांची तपशीलवार नोंद केली होती. साष्टी बेट संपते वसईच्या खाडीशी. खाडीपलीकडे वसई सुरू होते. पक्ष्यांना ही हद्द ठाऊक नसते, त्यामुळे त्या नोंदी वसईकरांनाही आपल्याच वाटाव्यात.

या सगळ्या पाहण्यांतून प्रदेशागणिक होणारा बदल दिसत गेला. वाडीत पाचोळा उलथत कलकलाट करणाऱ्या सातभाईचे उदाहरण घ्या. मुंबईच्या आसपास आणि सह्याद्रीच्या उत्तर भागात आढळणारा सातभाई तांबूस छटेचा, पंखांची टोके गडद असलेला आहे. देशावरचे आणि उत्तरेतले त्याचे भाऊबंद जास्त फिकट, राखाडी दिसतात. दमट प्रदेशातले पक्षी गडद आणि कोरड्या प्रदेशातले फिकट, हा कल जगभर आढळतो. प्रजाती एकच, पण परिसराने तिला पोटजातींत विभागायला सुरुवात केलेली. सिडनी डिलन रिप्ली यांच्यासोबत लिहिलेला आणि १९६८ ते १९७४ या काळात दहा खंडांत प्रसिद्ध झालेला त्यांचा पक्षीकोश अशा उपप्रजातींची नोंद ठेवत पुढे जातो. मात्र नावे देण्याच्या कामात त्यांचे मन फारसे रमले नाही. मेलेल्या कातड्यापेक्षा जिवंत पक्षी त्याच्या परिसरात काय करतो, हा त्यांचा खरा विषय होता. अभ्यासासाठी त्यांनी पुष्कळ पक्षी मारले, हेही खरे. त्या काळी दुसरा मार्ग नव्हता, अशी त्यांची भूमिका होती.

सातपुडा पक्ष्यांचा महामार्ग होता का?

एक कोडे मात्र साध्या निरीक्षणाने सुटत नव्हते. मोठा धनेश हिमालयाच्या पायथ्याशी आणि ईशान्येत आहे, तसाच सह्याद्रीत आहे. मधल्या हजारो चौरस किलोमीटरच्या कोरड्या मुलखात नाही. ईशान्येत दिसणारी नीलपरी पश्चिम घाटातही आहे. हे पक्षी दूरदेशी स्थलांतर करणारे नाहीत. मग इकडे आले कसे?

मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांच्यापुढे हाच प्रश्न माशांच्या बाबतीत उभा होता. वेगवान ओढ्यात खडकाला चिकटून राहणारे मासे पूर्व हिमालयात आहेत, तसेच सह्याद्रीतही. ते उडत किंवा चालत तर येणार नाहीत. होरा यांनी १९४०च्या दशकात सातपुडा सिद्धांत मांडला. सुमारे २६ लाख ते १२ हजार वर्षांपूर्वीच्या काळात पृथ्वीवर हिमयुगे आली आणि गेली. हवामान अनुकूल असताना विंध्य-सातपुड्याच्या रांगांवर सलग ओली जंगले आणि वाहते ओढे असावेत. त्या वाटेने जीव पूर्वेकडून सह्याद्रीपर्यंत पोहोचले. पुढे हवामान कोरडे झाले, मधली जंगले तुटली आणि दोन्ही टोकांचे जीव एकमेकांपासून वेगळे पडले. १९४९ मध्ये सलीम अलींनी पक्ष्यांची उदाहरणे घेऊन या सिद्धांतावर लेख लिहिला आणि सातपुड्याच्या रांगेला पक्ष्यांच्या भूगोलातला महामार्ग म्हटले.

हवामानाचा हा खेळ वसईलाही चुकलेला नाही. गेल्या हिमयुगाच्या ऐन भरात, सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, जगभर समुद्राची पातळी आजच्यापेक्षा साधारण १२० मीटरने खाली होती. अर्नाळा-राजोडीचा आजचा किनारा तेव्हा समुद्रापासून कितीतरी किलोमीटर आत होता. तुंगारेश्वरच्या ओढ्यांकाठी पावसाळ्यात शीळ घालणारा कस्तुर घ्या. हा सह्याद्रीचा पक्षी सातपुड्यातही आहे आणि त्याचा जवळचा नातेवाईक हिमालयात आहे. कधीकाळी जोडलेल्या आणि मग तुटलेल्या परिसराची खूण अशी अजूनही कानी पडते.

पुढच्या संशोधनाने काय दुरुस्त केले?

सातपुडा सिद्धांत पूर्णपणे टिकलेला नाही. जीव याच एका वाटेने आले का, यावर सुरुवातीपासून मतभेद होते. जनुकीय तपासणी सुरू झाल्यावर चित्र आणखी गुंतागुंतीचे झाले. केरळ आणि तमिळनाडूच्या उंच डोंगरमाथ्यांवरील शोला वनांत राहणारे काही लहान गाणारे पक्षी हिमालयी शॉर्टविंगांचे भाऊबंद समजले जात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने ते माशीमारांच्या एका वेगळ्या शाखेचे असल्याचे दाखवले. त्यांच्यासाठी शोलिकोला ही नवी प्रजातीगटाची ओळख तयार करावी लागली. तिथल्या हास्यकस्तुरांनाही मॉन्टेसिंक्ला असे स्वतंत्र नाव मिळाले. हे पक्षी तिथेच, लाखो वर्षे, एकेका डोंगरमाथ्यावर बेटासारखे अडकून वेगळे होत गेले. पालघाटच्या खिंडीसारखी सखल, उष्ण पट्टी त्यांच्यासाठी समुद्रासारखी ठरली.

म्हणजे वाटेबद्दलचा तपशील बदलला, मूळ मुद्दा राहिला. जंगल जोडले गेले की जीव पसरतात. तुटले की वेगळे होतात. वेगळे राहून पुरेसा काळ मिळाला की नवी प्रजाती घडते.

भरतपूरमध्ये काय चुकले?

स्वातंत्र्यानंतर सलीम अलींचा शब्द सरकारदरबारी वजनदार झाला. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण आणि १९८५ मध्ये राज्यसभेवर नियुक्ती. केरळच्या सायलेंट व्हॅलीतील जंगल वाचवण्याच्या लढ्याला त्यांनी बळ दिले. राजस्थानातील भरतपूरचे पाणथळ शिकारीच्या राखीव जागेतून राष्ट्रीय उद्यान झाले, त्यात त्यांचा मोठा वाटा होता.

पण तिथेच एक अंदाज चुकला. उद्यानात गुरे चारण्यावर बंदी यावी, या मताचे ते होते. १९८२ मध्ये बंदी आली, विरोध झाला आणि पोलिसांच्या गोळीबारात काही गावकऱ्यांचे प्राण गेले. नंतर सोसायटीच्याच दीर्घ अभ्यासातून दिसले, की म्हशींच्या चरण्यामुळे पाण्यातले गवत आटोक्यात राहत होते. चरणे थांबल्यावर गवत माजले, पाण्याची मोकळी जागा आकसली आणि काही पाणपक्ष्यांना त्याचा फटका बसला. त्या पाणथळाचा परिसर पाणी आणि पक्ष्यांपुरता नव्हता. माणूस आणि त्याची म्हैसही त्यात होती. आयुष्यभर परिसर वाचणाऱ्या माणसालाही परिसराचा एक धागा दिसला नाही, हे मान्य केल्याने त्यांचे मोठेपण कमी होत नाही. आपला आत्मविश्वास मात्र थोडा कमी व्हायला हवा.

वसई-विरारसाठी याचा अर्थ काय?

आता सुरुवातीच्या शंकेकडे येऊ. पक्षी जुळवून घेतील का? सलीम अलींच्या कामातून मिळणारे उत्तर असे, की घेतील, पण तीन अटींवर. थव्यात विविधता हवी, जायला वाट हवी आणि पिढ्यांचा वेळ हवा.

घरचिमणीला हजारो वर्षे मिळाली. शोलातल्या पक्ष्यांना लाखो. वसई-विरारमध्ये चार नगरपालिका आणि आसपासची गावे मिळून महापालिका झाली ती २००९ मध्ये. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाखांच्या पुढे होती. हा बदल माणसाच्या एका पिढीतला आहे. वर्षाला एकदा वीण करणाऱ्या पक्ष्याच्या हिशेबात त्या मोजक्याच पिढ्या. एवढ्या वेगात नवे गुण घडून पसरायला फारसा अवसर नसतो. आधीपासूनच कुठेही जगू शकणारे कावळे, कबुतरे आणि साळुंक्या टिकतात. ज्याला ठरावीक गवत, ठरावीक पाणी, ठरावीक झाड लागते तो निघून जातो किंवा संपतो. निवड इथेही होते, पण तिच्यातून नवे काही घडत नाही. असलेले तेवढे गाळले जाते.

वाटेचा प्रश्न तर डोळ्यांसमोर आहे. तुंगारेश्वर अभयारण्य २००३ मध्ये जाहीर झाले. त्याच्या दक्षिणेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा नागला भाग आणि खाडीपलीकडे उरलेले उद्यान. या जंगलांच्या मधून मुंबई-अहमदाबाद महामार्ग, वसई-दिवा रेल्वेमार्ग आणि कामण परिसरातील रस्ते जातात. सलीम अलींनी जंगलाला महामार्ग म्हटले होते. आपण जंगलातून महामार्ग नेले. हवामान बदलताना सरकायला जागाच नसेल, तर बिबट्या काय किंवा शीळकरी कस्तुर काय, अडकून राहणार. म्हणून जंगलाचे दोन तुकडे जोडून ठेवणे, एखादे बावखल न बुजवणे, पाण्यावर झुकलेली शिंदी न तोडणे या कामांना उत्क्रांतीच्या भाषेत फार मोठे मोल आहे. त्यातून जिवांना वाट आणि वेळ मिळतो.

शेवटी काय उरले?

डॉ. सलीम अली यांचे १९८७ मध्ये, वयाची नव्वदी पार केल्यावर, मुंबईत निधन झाले. दोन वर्षे आधी आलेल्या आत्मचरित्राच्या शीर्षकात त्यांनी चिमणीच ठेवली होती.

मृत्यूनंतर २२ वर्षांनी, २००९ मध्ये, स्वीडनचे पेर आल्स्ट्रॉम आणि भारताचे शशांक दळवी पश्चिम अरुणाचलात पक्षी ऐकत होते. एकाच प्रजातीचा समजला जाणारा कस्तुर जंगलात गोड गात होता आणि झाडांच्या रेषेवरच्या उघड्या खडकाळ भागात खरखरीत आवाज काढत होता. दिसायला जवळपास सारखे, पण गाणे वेगळे, जागा वेगळी. संग्रहालयांतले नमुने आणि जनुके तपासल्यावर कळले, की हे लाखो वर्षांपूर्वी वेगळे झालेले दोन पक्षी आहेत. २०१६ मध्ये जंगलातल्या कस्तुराला नवे शास्त्रीय नाव देण्यात आले : झूथेरा सलीमअली.